सोमवारी चारच्या आत

देवराज भावोजींनी तिसरी पुरी मागून घेतली, तेव्हाच विद्यावतीला कळलं की आता ते विषय काढणार. एरवी हा माणूस दोन पुऱ्यांवर हात धुणारा. पोर्ट लुईच्या सरकारी कचेरीत बारा वर्षं काढलेली. अवघड काही बोलायचं असलं की आधी हातातलं काम उगाच लांबवायची सवय त्यांना तिथेच लागली असावी.

तिने पुरी वाढली. भावोजींनी मान वर केली नाही. तिनेही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

दीड दिवसाच्या गणपतीचा आज शेवटचा दिवस. संध्याकाळी नुव्हेल फ्रांसच्या मराठी मंडळाची सगळ्या घरच्या गणपतींची मिळून मिरवणूक नदीवर जायची होती. त्याआधीचं हे घरचं जेवण. केळीच्या पानांच्या एका टोकाला सासरे नंदलाल, त्यांच्या उजव्या हाताला थोरले देवराज, समोर तिचा नवरा सत्यदेव, आणि त्याच्या शेजारी तेर रूजहून आलेली नणंद बसंती. सासूबाई चुलीपाशी पुऱ्या तळत होत्या. कॅरोल नावाच्या तुफानाने जुने पत्रे उडवून नेल्यावर सासऱ्यांनी हे घर पुन्हा उभं केलं, त्याला दीड वर्ष होऊन गेलं, तरी भिंतींना अजून चुन्याचा वास होता.

तीन आठवड्यांपूर्वी विद्यावती व्हाकोआहून, जिथे सत्यदेवचं फोटोचं दुकान होतं, बस पकडून एकटीच पोर्ट लुईला गेली होती. सत्यदेवला म्हणाली, फोटोत भरायच्या रंगाच्या ट्यूबा संपल्यात. रंग आणलेही. पण त्याआधी भावोजींच्या कचेरीबाहेर अर्धा तास उभी राहिली आणि ते आल्यावर एका दमात म्हणाली, "यांना शाळेत परत घेतील का, बघा ना." शिक्षकांची चणचण होती, जुन्या मास्तरांना परत बोलावणार असल्याचं कानावर आलं होतं. भावोजींनी चौकशी करतो म्हटलं. "पण माझं नाव मध्ये येऊ देऊ नका," असं ती म्हणाली, तेव्हा त्यांनी मान हलवली. मान हलवली म्हणजे कबूल केलं की नुसतं ऐकून घेतलं, हे तिला तीन आठवडे उमगत नव्हतं.

"सत्या," भावोजींनी हात धुतले आणि खिशातून लांबट पाकीट काढलं, "हे जरा बघ."

सत्यदेवने पाकीट घेतलं नाही. "काय आहे?"

"शिक्षण खात्याचा अर्ज. तुझी जुनी नोकरी धरतील, मधली तीन वर्षं फक्त गळतील. सही करून उद्या, सोमवारी, चारच्या आत पोस्टात पडायला हवा. उद्याचाच शिक्का लागतो. मी सगळं भरून आणलंय."

"मी मागितला होता?"

"मागितला नव्हतास म्हणून तर आणला."

बसंती फिस्सकन हसली. "दादा, तू पण ना! त्याचं चाललंय ते चांगलं चाललंय. माझ्या दिराच्या लग्नाचे फोटो अख्खं तेर रूज बघून गेलं. लोक विचारतात, हा फोटोवाला कुठला? मी सांगते, माझा सख्खा भाऊ."

"त्याच लग्नात तुझा सख्खा भाऊ बाकावरून पडला," देवराज म्हणाले, "आणि आठ दिवस मनगट बांधून घरी बसला. त्या आठ दिवसांत दुकानात काय आलं? सांग, सत्या."

सत्यदेव पानातल्या भाताला बोट लावत राहिला.

"मास्तर असतास तर आजारपणाचा पगार घरी आला असता. इथे तुझा हात थांबला की चूल थांबते. मी काय तुझा वैरी आहे? लग्नाचे महिने सोड. आता पितृपक्ष येईल, कोण लग्न लावतोय? बसशील स्टुलावर माश्या मारत."

"पासपोर्टवाले येतात की. रोज कुणीतरी इंग्लंडला निघालंय," सत्यदेव म्हणाला. "माझं घर चालतं, दादा. तीन वर्षांत मी कुणाकडे हात पसरला? तुफानात सगळं भिजलं, तेव्हासुद्धा?"

"घर चालतं. पण सुखानं चालतं का?"

सत्यदेवने पुरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. चुलीवरच्या तेलाचा चरचर आवाज तेवढा येत होता.

बाबांनी घसा खाकरला. नंदलाल उसाच्या मळ्यात चाळीस वर्षं राबलेले. शेवटी सिरदार, म्हणजे मजुरांचे मुकादम झाले होते, पण बोलणं कमीच. "तू शाळेचा मिस्ये, मास्तर झालास ना," ते म्हणाले, "तवा मी शाळेच्या दाराशी जाऊन हुबा ऱ्हायलो होतो. आत नाय आलो. पोरं 'मिस्ये, मिस्ये' करून तुला हाका मारत होती, ते बाहेरनं ऐकलं आनि परत आलो. आपल्या घरात पैला जोडा तुझ्या पायात." ते थांबले. "आता लोक मला इचारतात, तुमचा फोटोवाला काय म्हंतो."

"बाबा, फोटोवाला म्हणजे काय चोर झाला?" बसंती तडकून म्हणाली.

"मी चोर म्हनलो?"

"मग त्या सुरात का बोलता?"

"आयो, जेवताना भांडू नका गं," सासूबाई आतून ओरडल्या.

सत्यदेवने पाण्याचा घोट घेतला. भांडं खाली ठेवलं. आणि अगदी शांतपणे म्हणाला, "तुमचं सगळ्यांचं झालं असेल तर मी एक सांगतो. दुकान काढलं तेव्हा मी एकाच माणसाला विचारलं होतं. ती ही. तीन वर्षांत हिने एकदासुद्धा तोंड वाकडं केलेलं नाही. फोटोंना रंग भरते, डोळे दुखेपर्यंत. जिला सोसायचं आहे तिची तक्रार नाही. मग तुमची का? ती म्हणाली शाळेत जा, तर मी या क्षणी सही करीन."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. भावोजींची मात्र वळली नाही. ते आपल्या धुतलेल्या हातांकडे बघत बसले होते. आणि त्यांच्या त्या न बघण्यातच विद्यावतीला समजलं, की हा माणूस शब्द पाळणार आहे. ती गप्प राहिली तर कुणालाही, कधीही कळणार नाही.

पाचवा महिना लागल्यापासून तिला उभ्या उभ्या घेरी यायची, तशी आत्ता येईल असं वाटलं. तिने परात खाली ठेवली.

"हा अर्ज मी मागवला," ती म्हणाली.

"काय?"

"रंग आणायला गेले होते ना, त्या दिवशी. भावोजींना मीच सांगितलं."

बसंतीने तोंडावर हात नेला. सत्यदेव नुसता बघत राहिला, समोर अनोळखी माणूस उभा आहे आणि त्याचा चेहरा नीट न्याहाळायचा आहे, तसा.

"का?"

"भीती वाटते म्हणून." आता शब्द आपोआप येऊ लागले. "तुम्हाला चांगलं काम येत नाही म्हणून नाही. तुम्हाला येतं तसं कुणालाच येत नाही. पण सगळं तुमच्या एका हातावर आहे. त्या आठ दिवसांत चौदा माणसं दारात आली. मी सगळ्यांना सांगितलं, मालक पडलेत, नंतर या. ती समोरच्या चिनी स्टुडिओत गेली. एका बाईला दुसऱ्या दिवशी कागद द्यायचे होते, तिने अक्षरशः हात जोडले. आणि मला येत होतं हो! दिवा कुठे ठेवायचा, भिंग किती उघडायचं, मला सगळं येतं. तुमच्या मागे उभी राहून तीन वर्षं बघतेय. पण मी त्या बाईला परत पाठवलं."

"मला का नाही म्हणालीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत." ती थांबली. "आणि मीही बोलले नाही."

सत्यदेवने हात धुतला आणि भावोजींकडे केला. "पेन."

"सत्या, रागाच्या भरात नको..."

"पेन दे, दादा."

त्याने पानाशेजारीच कागद धरला, सही केली. घडी घातली. आणि ते पाकीट भावोजींना परत न देता विद्यावतीच्या हातात ठेवलं. "तूच मागवलंस, तूच टाक. उद्या चारच्या आत."

मग तो उठला, पायात चपला अडकवून मागच्या चहाच्या मळ्याकडे निघून गेला. त्याची कॅमेऱ्याची पिशवी देव्हाऱ्यापाशी तशीच राहिली.

*

बसंती भांडी घासताना तिच्याशी एक अक्षर बोलली नाही. शेवटी कढई आपटून म्हणाली, "मी तुझ्या नवऱ्याची बाजू घेऊन घसा फोडत होते, आणि तू मागनं सुरी चालवलीस. वैनी, असं नव्हतं करायचं."

"मला माहीत आहे, वन्सं."

"माहीत असून केलंस?"

विद्यावतीने कढई विसळायला घेतली. पोटाशी खोचलेलं पाकीट वाकताना टोचत होतं. हवं होतं ते हातात आलं होतं. मग जीव थाऱ्यावर का येत नव्हता?

चारच्या सुमाराला ढोलकीचा आवाज आला. पाठोपाठ मंडळाचा सेक्रेटरी प्रेम धापा टाकत दारात. "सत्यदेवभाय कुठं हाय? मिरवणूक निघाली. यंदा मंडळाला फोटो पायजेत, मागल्या महिन्यातच सांगून ठेवलंय. उद्या छापून पन पायजेत, मंगळवारी आमचा मानूस ते मोठ्या मंडळात घेऊन जानार."

मळ्याकडे दोनदा हाका मारल्या. उत्तर नाही.

"त्याला बरं नाही, सांगा," देवराज म्हणाले. "होतं असं."

पुन्हा एक माणूस परत जाणार, विद्यावतीच्या मनात आलं. पंधरावा. तिने हात पुसले, देव्हाऱ्यापाशी जाऊन पिशवी उघडली. रोल भरलेला होता. कॅमेऱ्याचा पट्टा तिने गळ्यात अडकवला. तो सत्यदेवच्या मापाचा, तिच्या पोटापर्यंत लोंबत होता. तिने त्याला गाठ मारून आखूड केला.

"हे काय?" देवराज पुढे आले. "विद्या, वेड लागलंय का? अख्खा गाव रस्त्यावर आहे. परक्या पुरुषांच्या घोळक्यात, अशा अवस्थेत, आपल्या घरची सून कॅमेरा घेऊन पळणार? लोक काय म्हणतील?"

आतापर्यंत चुलीपाशीच असलेल्या सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. कुंतीबाईंची उंची जेमतेम देवराजच्या खांद्याइतकी. "देवा," त्या म्हणाल्या, "तू पोटात व्हतास तवा सातवा म्हयना लागस्तोवर मी उसात गेले. पंचवीस बाप्ये आनि आमी नऊ बायका. तवा लोक काय म्हनाले?"

देवराज एक पाऊल मागे सरले.

"कायबी नाय म्हनाले. कारन संध्याकाळी घरात तांदूळ आला." त्या सुनेकडे वळल्या. "जा तू. पन नदीत उतरू नकोस, दगडं निसरडी हायत."

बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता. झाकरी नाचणाऱ्यांनी रस्त्यात फेर धरला होता, घुंगरं एका ठेक्यात वाजत होती. विद्यावतीने कॅमेऱ्याच्या वरच्या काचेत पाहिलं. काचेतलं चित्र उलटं सरकत होतं, माणसं डावीकडे जायची तर उजवीकडे जाताना दिसायची. सत्यदेवच्या मागे उभं राहून बघणं वेगळं आणि हे वेगळं. पहिला फोटो दाबला त्याच क्षणी कुणाचा तरी खांदा मध्ये आला. रोलमधल्या बारातला एक गेला. दुसऱ्या वेळी बायका थांबून तिच्याकडेच बघू लागल्या, मुलं हसायला लागली. तिला वाटलं, परत फिरावं.

तेवढ्यात शेजारून आवाज आला. मळ्यात चाळीस वर्षं हाका मारून कमावलेला, अर्ध्या मैलावर पोचणारा आवाज. "ए, बाजू द्या! समोरनं सरका! फोटो काढत्यात, दिसत नाय?"

बाबा होते. तिच्याकडे न बघता, हातातली काठी आडवी धरून ते पुढे चालू लागले. लोक सरकले. नदीपर्यंत ते असेच चालले, आणि ती त्यांच्या मागून.

नदीवर तिने शेवटचे पाच काढले. खांद्यावरची मूर्ती पाण्यात टेकताना डोळे मिटलेला एक म्हातारा; कमरेइतक्या पाण्यात हात जोडून उभी असलेली मुलं. रोल संपल्यावर तिने मान वर केली. पलीकडच्या काठावर, लोकांच्या मागे, सत्यदेव उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. तो आला नाही. तिनेही हाक मारली नाही.

व्हाकोआच्या बसमध्ये दोघं शेजारी बसले. तिने कॅमेरा मांडीवर धरला होता. वाटेत त्याने एवढंच म्हटलं, "पट्ट्याला गाठ मारायची नसते. कातडं चिरतं."

*

सोमवारी ती उठली तेव्हा सत्यदेव अंथरुणात नव्हता. दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं. तिने चहा केला. तो निवला. दुसऱ्यांदा केला.

दार उघडलं तेव्हा त्याच्या बोटांना औषधांचा आंबूस वास येत होता. ओली निगेटिव्ह त्याने खिडकीच्या उजेडात धरली. विद्यावती दारात उभी राहिली.

"नऊ चांगल्या आहेत," तो म्हणाला. "तीन गेल्यात. एकात खांदा आलाय, दोन हलल्यात. श्वास घेत घेत दाबतेस. सोडायचा, आणि मग दाबायचं."

"बरं."

"तो म्हातारा..." त्याने वाक्य पूर्ण केलं नाही. निगेटिव्ह चिमट्याला अडकवली.

अकरापर्यंत त्याने कागदावर फोटो छापले, वाळवले, जाड पुठ्ठ्यात बांधले. ते घेऊन त्याला नुव्हेल फ्रांसला जायचं होतं. दुकानाच्या किल्ल्या त्याने टेबलावर ठेवल्या. सही केलेलं पाकीटही तिथेच होतं. सकाळी तिने ते तिकीट लावून समोर ठेवलं होतं, विसरायला नको म्हणून.

"मी संध्याकाळी येईन," तो म्हणाला. "पोस्ट चारला बंद होतं."

"माहीत आहे."

पोस्ट रस्त्यापलीकडेच. जाऊन यायला पाच मिनिटं. दोन वाजता जाऊ, तिने ठरवलं. तोवर मन पक्कं होईल.

बाराच्या सुमाराला दारात एक बाई घुटमळली. डोक्यावरून ओढणी घेतलेली. आत डोकावून म्हणाली, "मिस्ये नाहीत?" सत्यदेवला नाक्यावर अजून मास्तरच म्हणत.

"नाहीत. बाहेरगावी गेलेत." विद्यावतीच्या जिभेवर नेहमीचं वाक्य आलं होतं, नंतर या. तिने ते गिळलं. "मी आहे."

"तुम्ही काढता?"

"हो. काढते."

बाईचा चेहरा सैल झाला. तिने मागे वळून हाक मारली, आणि कोपऱ्यावरून पाच मुली आल्या. त्यांतली एक तिची. पाचही जणी नर्सिंगचं शिकायला इंग्लंडला निघाल्या होत्या, पासपोर्टला फोटो हवे होते. "घरचे म्हणतात, परक्या माणसापुढे डोकं उघडं करून बसायचं नाही. महिना झाला, आमचं अडलंय."

पहिल्या मुलीने ओढणी काढली तेव्हा विद्यावतीने आधी दाराला पडदा लावला. मग दिवा सरकवला. खूप जवळ झाला. मुलीने डोळे मिचकावले. लांब नेला. नाकाखाली सावली पडली. तिने भिंतीला पांढरी चादर टांगली आणि उजेड तिच्यावरून परतवला, सत्यदेव नववधूंसाठी करतो तसा. श्वास सोडला. दाबलं. दुसरी मुलगी इतकी घाबरली होती की हनुवटी थरथरत होती. तिला कधी परत येशील, बोट कुठल्या महिन्यात, असं विचारत बसावं लागलं. तिसरीला तीनदा बसवलं. त्या जायच्या आधी एक म्हातारा नातवाला घेऊन आला, आणि एक जोडपं, ज्यांचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती पण एकत्र फोटो नव्हता.

जोडप्याला पावती देऊन ती दारापर्यंत आली, तेव्हा समोर पोस्टाचा शिपाई लाकडी दरवाज्यांना कडी घालत होता.

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं.

ती धावत टेबलाशी गेली. पाकीट तिथेच होतं, त्यावर कुणाच्या तरी टोपीचा ओला ठसा उमटलेला. ते उचलून ती रस्त्यापर्यंत गेली, आणि शिपाई सायकलवर टांग टाकून गेलेला बघून तिथेच थबकली. पेन्शन, आजारपणाचा पगार, बाळंतपणाची बेगमी, सगळं त्या बंद दाराआड. हे काय करून बसलो आपण? गिऱ्हाइकासाठीच्या स्टुलावर ती येऊन बसली. मग उठून तिने अंधाऱ्या खोलीत रोल धुऊन मुलींचे फोटो छापले, ते नळाखाली सोडले आणि पाकीट हातात घेऊन परत त्याच स्टुलावर येऊन बसली.

सत्यदेव उजेड सरता सरता आला. पुठ्ठा रिकामा होता. तिच्या हातातलं पाकीट त्याला दिसलं.

"पत्र?"

"राहिलं."

"राहिलं, की ठेवलंस?"

तिने विचार केला. खोटं बोलायची आता ताकदच नव्हती. "मला खरंच माहीत नाही. माणसं येत होती. माझं लक्षच गेलं नाही घड्याळाकडे."

तो तिच्यासमोर, जमिनीवरच बसला, भिंतीला पाठ टेकून. टांगलेल्या पांढऱ्या चादरीकडे त्याने पाहिलं.

"उद्या किती वाजता उघडतेस?" त्याने विचारलं.

"साडेसातला." मग ती म्हणाली, "भीती अजून गेलेली नाही हो."

"माझीही नाही," सत्यदेव म्हणाला. "तीन वर्षं झाली, रोज सकाळी दार उघडताना मनात येतं, आज कुणी आलंच नाही तर? वाटायचं, तुला कळलं तर तू खचशील."

आतल्या खोलीत नळाखाली पाच मुलींचे फोटो धुतले जात होते. पाणी फार वेळ सोडून चालत नाही, कागदावरचा थर सुटतो. ती उठायला लागली, तसा त्याने हात पुढे केला. त्याच्या दुखऱ्या मनगटावर भार न देता, दुसरा हात धरून ती उठली आणि नळ बंद करायला आत गेली.